घरचा सिनेमा: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी दर शनिवारी रात्री सिनेमा लागतो. सुरुवातीला चौघं असायचो, आता चपला जिन्यापर्यंत जातात. सिनेमा संपला की चहा आणि चहाबरोबर प्रश्न. टीव्ही कुठला घेऊ, आवाज का येईना, तो नवा सिनेमा घरी कधी येणार. हेच प्रश्न फोनवर येतात, व्हॉट्सॲपवर येतात, कपिलतीर्थात भाजी घेतानाही येतात. म्हणून एकदा लिहून काढले. मी दुकानदार नाही, कुठल्या कंपनीचा माणूसही नाही. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तिथला क्रमांक दिलाय.

१. घरी नीट सिनेमा बघायचा तर कमीत कमी काय लागतं?

अंधार, आवाज आणि कुणी न उठवणारे दोन तास. टीव्हीचा नंबर त्यानंतर. लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय. पण ट्यूबलाइट डोक्यावर, पंखा पाचवर आणि आत कुकरच्या शिट्ट्या चालू असतील तर लाखाचा टीव्हीही वाया. दिवे बंद करा. डोळ्यांना त्रास होत असेल तर टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक छोटा दिवा ठेवा. समोर दिवा नको, त्याचं प्रतिबिंब पडद्यात दिसतं.

पैशाचं म्हणाल तर ५०,००० रुपये असतील तर ३५,००० चा टीव्ही घ्या आणि १५,००० आवाजासाठी ठेवा. सगळे उलटं करतात. पन्नासच्या पन्नास टीव्हीत घालतात आणि मग प्रश्न ५ घेऊन येतात.

२. आमची खोली १० बाय १२ ची आहे. ४३ इंची घेऊ की ५५?

टीव्हीच्या इंचांना १.६ ने गुणा आणि १२ ने भागा. जे उत्तर येईल तितक्या फुटांवर बसायचं. ४३ इंचीला साधारण पावणेसहा फूट, ५५ ला सव्वासात, ६५ ला साडेआठच्या पुढे. तुमच्या खोलीत टीव्ही आणि सोफ्याची जागा सोडली तर मध्ये सात-आठ फूट उरतात, म्हणजे ५५. दिवसभर बातम्या आणि मालिकाच लागणार असतील तर ४३ पुरे, उगीच खर्च नको.

आकारापेक्षा मोठी चूक उंचीत होते. शोकेसच्या वर, छताजवळ टीव्ही लटकवलेली घरं मी मोजायची सोडून दिलीत. बसल्यावर डोळ्यांची रेषा पडद्याच्या मध्याच्या आसपास यायला हवी. नाहीतर दोन तासांनी मान धरते आणि दोष सिनेमाला मिळतो.

३. नवा टीव्ही आणला, पण कुठलाही सिनेमा लावला तरी मालिकेसारखा दिसतो. टीव्ही खराब लागला का?

टीव्ही ठणठणीत आहे, कंपनीने दिलेलं सेटिंग वाईट आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो. बोलपट आल्यापासून हाच वेग आहे आणि आपल्या डोळ्यांना सिनेमाची जी चाल माहीत आहे ती या २४ चीच. टीव्ही मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा पडदा बदलू शकतो. मग तो दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतःच बनवून घुसडतो. हालचाल गुळगुळीत होते आणि लाखोंचा सेट नाटकाच्या नेपथ्यासारखा दिसायला लागतो.

हे बंद करता येतं. सॅमसंगवर ते ‘पिक्चर क्लॅरिटी’ नावाखाली सापडतं, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’. इतर टीव्हींत पिक्चरच्या मेनूमध्ये ‘मोशन’ शब्द असलेलं जे दिसेल ते बघा. तुमच्या टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच निवडा. २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि दिग्दर्शकांनी मिळून हा मोड ठरवला. एका बटणात ही सगळी कारागिरी बंद होते.

पहिले दोन दिवस चित्र पिवळट आणि मळकट वाटेल. दुकानातला निळसर झगमगाट डोळ्यात बसलेला असतो ना. तीन दिवस तसंच ठेवा, मग जुन्या सेटिंगवर जाऊन बघा. परत जाणारा माणूस अजून मला भेटलेला नाही.

यात दोन खाचाखोचा आहेत. एक म्हणजे क्रिकेट. मॅच बघताना हे सेटिंग चालू असलेलं बरं, चेंडू नीट दिसतो. दुसरी म्हणजे बऱ्याच टीव्हींत एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या) चित्रासाठी सेटिंग वेगळी साठवलेली असतात. साध्या चित्राला बंद केलं तरी एचडीआर सिनेमा लागला की सगळं परत चालू. तो सिनेमा चालू असतानाच मेनू उघडायचा आणि तिथेही बंद करायचं.

४. वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. अर्ध्या टीव्हीचे पैसे फुकट गेले की!

टीव्हीची चौकट १६ बाय ९ ची असते, बरेचसे सिनेमे त्याहून रुंद काढलेले असतात. रुंद सतरंजी अरुंद खोलीत अंथरायची तर कडेची जागा उघडी राहणारच. ‘झूम’ दाबून पट्ट्या घालवल्या तर डावी-उजवीकडची माणसं कापली जातात. जुन्या कृष्णधवल सिनेमांत पट्ट्या बाजूला येतात, कारण ते जवळजवळ चौकोनी आहेत. त्यांना ‘स्ट्रेच’ केलं की हडकुळा नायकही पैलवान दिसतो. मेनूत ‘ओरिजिनल’ किंवा ‘स्क्रीन फिट’ ठेवा आणि विसरून जा.

५. संवाद ऐकू येईनात म्हणून आवाज वाढवावा, तर मारामारी आली की शेजारी भिंत ठोकतात. काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, म्हणून सविस्तर.

सिनेमाचा आवाज थिएटरसाठी बांधलेला असतो. तिथे संवादासाठी पडद्यामागे मधोमध वेगळा स्पीकर असतो. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर मुद्दाम जास्त ठेवतात, दचकवायचं असतं ना. घरच्या पातळ टीव्हीत दोन इवलेसे स्पीकर, तेही जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे तोंड करून. सहा वाटांचा आवाज त्या दोघांत कोंबला की सगळ्यात आधी संवाद दबतात. तुमचे कान ठीक आहेत.

पैसे न घालता तीन गोष्टी करून बघा. ॲपमध्ये आवाजाची भाषा निवडतो तिथे ‘५.१’ (म्हणजे त्याच सहा वाटा) आणि साधा स्टिरिओ असे दोन पर्याय असतील तर स्टिरिओ घ्या. टीव्हीच्या साउंड मेनूत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तसल्या नावाचं काही असेल तर चालू करा. ‘नाइट मोड’ असेल तर तोही. तो मोठा आवाज दाबतो आणि हळू आवाज उचलतो. रात्री दहानंतर पेठेतल्या घरात याच्याइतका उपयोगी मोड नाही.

यानेही भागलं नाही तर साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर घ्या, पण मधला स्पीकर वेगळा असलेला. खोक्यावर ३.१ किंवा ५.१ लिहिलेलं असतं. २.१ मध्ये मधला नसतो. तिथे पैसे धडधडाटाला जातात आणि संवाद आहे तिथेच राहतो. दुकानात गेलात की दुकानदार मारामारीचा सीन लावणार. त्याला सांगा, दोन माणसं घरात बसून हळू बोलतायत असा सीन लाव. त्यात काय ते कळतं.

आणखी एक, फुकटातलं. फरशी, मोकळ्या भिंती आणि पडदे नसलेल्या खिडक्या असतील तर आवाज घुमतो. जमिनीवर जाजम टाका, खिडकीला जाड पडदा लावा. आमच्याकडे एका काकांनी साउंडबार बदलायचा घाट घातला होता. आधी घोंगडं अंथरून बघा म्हटलं. ते घोंगडं अजून तिथेच आहे आणि साउंडबारही जुनाच.

६. साउंडबार लावला, पण ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

ब्लूटूथने जोडलाय ना? वायर लावा. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या एका खाचेजवळ ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं, तीच खाच वापरायची, शेजारची नाही. वायरीनंतरही उशीर राहिला तर ‘ऑडिओ डिले’ शून्यावर आणा.

७. नेट किती वेगाचं लागतं? आणि मोबाइलचा डेटा किती जातो?

नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि ४के ला १५. म्हणजे १०० चा प्लॅन असलेल्या घरात चित्र अडकत असेल तर बहुतेक वेळा दोष नेटचा नसून वायफायचा असतो. जुन्या वाड्यातल्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंतींतून वायफाय जात नाही. राउटरपासून टीव्हीपर्यंत नेटची केबल ओढा. केबल शोभून दिसत नाही, पण प्रश्न कायमचा मिटतो.

डेटा एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातो आणि ४के ला ७ जीबीपर्यंत. रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अख्खा सिनेमा एचडीत बघायला बसू नका, मध्यंतराच्या आधीच डेटा संपतो. घरी वायफायवर असताना डाउनलोड करून ठेवा.

८. सगळ्यात महागडा प्लॅन आहे, नेटही पळतंय, तरी चित्र धूसर. आणि मोबाइलवरून टीव्हीवर टाकलं तर आवाज येतो, चित्र काळं. असं का?

दोन्हीचं मूळ एकच आहे, नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप. ‘वाइडवाइन एल१’ नावाचा परवाना ज्या यंत्राकडे नाही त्याला बरीच ॲप्स एचडी चित्र देतच नाहीत. स्वस्तातले अँड्रॉइड बॉक्स आणि प्रोजेक्टर इथेच मार खातात. उपाय म्हणजे नावाजलेल्या कंपनीची स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीला जोडणे.

चित्र काळं येतं कारण तुम्ही फोनचा अख्खा पडदा टीव्हीवर पाठवताय. तसं न करता ॲपमध्येच कोपऱ्यात टीव्हीच्या आकाराचं ‘कास्ट’चं चिन्ह असतं ते दाबा. मग टीव्ही सिनेमा स्वतः ओढतो आणि फोन नुसता रिमोट होतो.

९. एवढी ॲप्स झालीत. सगळ्यांची वर्गणी भरायची का?

नाही. एका वेळी एक, फार तर दोन. महिनाभर एक घ्यायचं, यादीतले सिनेमे बघून संपवायचे, बंद करायचं आणि पुढच्या महिन्यात दुसरं. वर्षाची वर्गणी स्वस्त दिसते, पण सहा महिने तिकडे कुणी फिरकत नाही. ‘ऑटो-पे’ पहिल्याच दिवशी बंद करा, महिना संपेपर्यंत ॲप चालूच राहतं.

नावांचा घोळही होतो. जिओसिनेमा आणि हॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ पासून एक होऊन जिओहॉटस्टार झालं. जुनी दोन्ही नावं शोधत बसू नका. प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून जाहिराती येतात, त्या घालवायला वेगळे पैसे पडतात. तुमचं काही बिघडलेलं नाही. मराठी सिनेमे मात्र एकाच ठिकाणी नाहीत. झी५, प्राइम, सोनीलिव्ह असे विखुरलेत आणि हक्क संपले की एका ठिकाणचे दुसरीकडे जातात. सिनेमाचं नाव आधी गुगलवर टाका, कुठे आहे ते तिथेच दिसतं. प्रसार भारतीचं ‘वेव्ह्ज’ नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. दूरदर्शनचं जुनं काही बघायची हौस असेल तर तिथे चक्कर मारा.

१०. मुलगी पुण्यात हॉस्टेलला आहे. घरचं अकाउंट तिला चालेल का?

ॲपवर अवलंबून आहे. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतातही एक अकाउंट म्हणजे एक घर असा नियम केला. प्रवासात चालतं, पण कायम दुसऱ्या गावी राहणाऱ्यासाठी नाही. तिचं प्रोफाइल नव्या अकाउंटवर हलवता येतं, काय काय बघितलं ती यादी जात नाही. बाकी ॲप्सवर किती यंत्रं एकाच वेळी चालतात ते प्लॅनच्या पानावर लिहिलेलं असतं.

११. सिनेमा आत्ताच लागलाय. घरी कधी येणार?

हिंदी सिनेमा असेल तर आठ आठवडे मोजा. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या एवढी मुदत पाळणाऱ्या हिंदी सिनेमालाच पडदे देतात. दक्षिणेकडचा असेल तर मूळ भाषेत बऱ्याचदा चार आठवड्यांतच येतो. मग कन्नड किंवा तेलुगू आवाज आला आणि हिंदी आवाज महिन्याने आला, असं होतं. त्याचं कारण हेच.

मराठीला असा हिशेब लावता येत नाही. काही दीड-दोन महिन्यांत येतात, काही आधी टीव्हीवर रविवारी दुपारी लागतात आणि काहींना गिऱ्हाईकच मिळत नाही, ते वर्षानुवर्षं कुठेच दिसत नाहीत. म्हणून माझं मत असं की मराठी सिनेमा बघायचा असेल तर लागल्या आठवड्यातच थिएटरला जा. हिंदी थांबला तर चालतो.

१२. नातवंडांबरोबर बघायचंय. ‘यूए’ म्हणजे नेमकं काय?

यूए म्हणजे मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली बघायचा सिनेमा. आधी सगळं एकाच यूएमध्ये असायचं. सिनेमाच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याचे तीन भाग झाले, ७+, १३+ आणि १६+. हे आकडे आई-वडिलांना अंदाज देण्यासाठी आहेत. यूए १३+ सिनेमाला दहा वर्षांच्या मुलाला घेऊन जायचं की नाही ते घरच्यांनी ठरवायचं. ‘ए’ ला मात्र १८ च्या आतल्यांना थिएटरात प्रवेशच नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ॲपवरचा आकडा सेन्सॉर बोर्डाचा नसतो. २०२१ च्या नियमांनुसार तो कंपनी स्वतः ठरवते आणि वेब सिरीज तर बोर्डाकडे जातच नाहीत. म्हणून आकड्यावर विसंबू नका, आधी स्वतः वीस मिनिटं बघा. प्रोफाइलला पिन घाला. तो पिन नातवाचा वाढदिवस नसावा, तो पहिला तोच टाकून बघतो.

१३. आईला सबटायटल वाचता येत नाहीत आणि डबिंग आम्हाला आवडत नाही. एकत्र बसायचं कसं?

आईचं ऐका. डबिंगमध्ये नटाचा आवाज जातो हे खरं, पण एकट्याने मूळ भाषेत बघायला आयुष्य पडलंय. आणखी एक उपाय आमच्या घरात चालतो. मूळ भाषेत लावायचं आणि एकाने मोठ्याने सांगत राहायचं. मूकपटाच्या काळात पडद्यावरच्या पाट्या वाचून दाखवणारा माणूस थिएटरात असायचाच की. आमची आत्या हे काम इतकं रंगवून करते की मूळ संवादापेक्षा तिचाच जास्त मजेशीर असतो. कधीकधी ती शेवटही बदलते.

१४. गच्चीवर प्रोजेक्टर लावायचाय. कुठला घेऊ?

आधी माझी फजिती ऐका. ऑनलाइन ‘१०,००० ल्यूमेन, ४के’ लिहिलेला प्रोजेक्टर स्वस्तात दिसला म्हणून मागवला. मित्रांना बोलावलं, चादर ताणली, भडंगाची पिशवी फोडली. चादरीवर राखाडी सावल्या हलत होत्या. शेवटी सगळ्यांनी फोनवर मॅच बघितली.

त्यातून शिकलो ते असं. ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप. नुसत्या ‘ल्यूमेन’ला अर्थ नाही, ठरलेल्या पद्धतीने मोजलेले ‘एएनएसआय ल्यूमेन’ किती ते विचारा. ‘४के सपोर्ट’ म्हणजे ४के चित्र नव्हे. ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ काय आहे ते बघा, १९२० बाय १०८० च्या खाली घेऊ नका. १०० इंची चित्र सव्वासात फूट रुंद होतं, तेवढी भिंत किंवा पडदा आहे का ते मोजा. यंत्र तिरकं ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र सरळ केलं तर स्पष्टता कमी होते, म्हणून यंत्रच समोर मधोमध ठेवा. पडद्यावरचा काळा रंग बंद प्रोजेक्टरच्या पडद्याइतकाच काळा दिसतो. रस्त्यावरचा दिवा गच्चीवर पडत असेल तर रात्रही रात्र राहत नाही.

गच्चीसाठी डिसेंबर ते मार्च चांगला. मेमध्ये उजेड साडेसातपर्यंत रेंगाळतो, शिवाय वळवाच्या वाऱ्यात पडद्याचं शीड होतं. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको.

१५. आमच्या तरुण मंडळातर्फे गणपतीत चौकात सिनेमा दाखवला तर चालेल? तिकीट नाही, फुकट आहे.

फुकट असलं तरी ते सार्वजनिक प्रदर्शन. ॲपची वर्गणी घरगुती वापरासाठी असते, डीव्हीडीही तशीच. त्यामुळे हक्क ज्याच्याकडे आहेत त्या निर्मात्याची किंवा वितरकाची परवानगी लागते. हे वाटतं तितकं अवघड नाही. मराठी निर्माते बऱ्याचदा थोड्या पैशांत देतात, नुसतं विचारावं लागतं. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं कार्यालय आपल्याच गावात आहे. निर्माता कसा गाठायचा ते तिथे चौकशी केली तर समजू शकेल. नेटफ्लिक्स आपल्या काही माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनासाठी मुभा देतं, तेही एकदाच दाखवायला आणि पैसे न घेता.

लाउडस्पीकरला पोलिसांची परवानगी हवी आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. गणपतीत ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट मिळते ती त्या वर्षीच्या आदेशात बघा. खूप जुना सिनेमा दाखवायचा असेल तर प्रश्न १८ वाचा.

१६. टेलिग्रामवर पहिल्याच दिवशी मिळतो. बघणाऱ्याला कोण धरतंय?

सिनेमाच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने थिएटरात रेकॉर्ड करणाऱ्याला आणि तशी प्रत पैशासाठी दाखवणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद, शिवाय किमान ३ लाख दंड आहे. तो सिनेमाच्या निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. घरच्या माणसाला खरा फटका बसतो तो त्या लिंकबरोबर येणाऱ्या ‘एपीके’ फाइलने, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइलने. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, म्हणजे बँकेचा ओटीपी तिच्या हातात. आणि ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तो सिनेमा कसा, तर वाकडा, मधून कुणाचं तरी डोकं जातंय आणि आवाज विहिरीतून येतोय.

१७. कोल्हापुरात बनलेले जुने सिनेमे बघायचे आहेत. कुठून सुरुवात करू?

या प्रश्नाची मी वाट बघत असतो.

आपल्याकडे पत्ता सांगताना ‘व्हीनस कॉर्नर’, ‘पार्वती टॉकीजजवळ’ असं सहज म्हणतात. सिनेमा या गावात नकाशावरच आहे. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतःचा कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णींना बरोबर घेऊन १ जून १९२९ ला इथेच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. म्हणून ‘प्रभातचा सिनेमा म्हणजे कोल्हापूरचा’ हे अर्धंच खरं. १९३३ नंतरचे गाजलेले प्रभातपट पुण्याचे, ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथले. यावरून आमच्याकडे एकदा चहा गार होईपर्यंत भांडण झालं होतं.

कोल्हापूरचाच हवा असेल तर ‘अयोध्येचा राजा’ने सुरुवात करा. १९३२ चा, मराठीतला पहिला बोलपट म्हणून ओळखला जाणारा. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे त्यात आहेत. हिंदीतही तो वेगळा काढला होता. यूट्यूबवर शोधताना नाव देवनागरीत टाका, इंग्रजीत टाकलं की भलतंच पुढे येतं. एकापेक्षा जास्त प्रती दिसल्या तर सगळ्यात लांब असलेली आधी उघडा, बाकीच्या कापलेल्या असतात. मग भालजी पेंढारकरांकडे वळा. त्यांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या दंगलीत जळला, तरी ते पुन्हा उभे राहिले आणि पुढची कित्येक वर्षं इथेच सिनेमे काढत राहिले. १९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

बघताना एक करा. आवाज खरखरतो, संवाद नाटकी वाटतात, पहिली पंधरा मिनिटं जड जातात. त्या पंधरा मिनिटांत फोनला हात लावू नका. मूकपट मात्र शोधत बसू नका, देशातलेच फार थोडे उरलेत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची, भुरकन पेट घ्यायची. जे उरलं त्यातलं बरंचसं पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. ते १९६४ मध्ये स्थापन झालं.

१८. जुना सिनेमा आता ‘सगळ्यांचा’ झाला असं म्हणतात. मग कुठेही दाखवू शकतो का?

आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या वर्षानंतर ६० वर्षं राहतो, तो ३१ डिसेंबरला संपतो. म्हणजे १९६५ मध्ये लागलेला सिनेमा १ जानेवारी २०२६ ला मोकळा झाला. पण कथा, गीतं आणि संगीत यांचे हक्क वेगळे असतात आणि ते लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. घरी बघायला काहीच अडचण नाही. चौकात दाखवायचा किंवा चॅनेलवर टाकायचा तर जाणकार वकिलाला विचारा. लाउडस्पीकरचे नियम (प्रश्न १५) जुन्या सिनेमालाही लागतात.

१९. माळ्यावर लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट सापडल्या. त्या टीव्हीवर बघता येतील का?

येतील, पण आधी कॅसेटच्या खिडकीतून आतली फीत बघा. पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात ती हमखास धरते. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. फीत फाटतेच, शिवाय बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटलाही जाते. अशा कॅसेट साफ करून देणाऱ्याकडेच द्या. पुराच्या पाण्यात भिजलेल्या कॅसेटचंही तेच. २०१९ नंतर अशा कॅसेट घेऊन येणारे बरेच जण भेटले, उन्हात वाळवून लगेच लावल्यामुळे त्यातल्या बऱ्याच गेल्या.

फीत स्वच्छ असेल तर चालू व्हीसीआर आणि एक यूएसबी कॅप्चर यंत्र घेऊन घरीच संगणकावर उतरवता येते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. ४ बाय ३ मध्येच ठेवा (प्रश्न ४). दोन प्रती करा, एक घरात आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. आणि उतरवताना शेजारी एखादी जुनी जाणती बाई बसवा. मांडवातले निम्मे लोक कोण ते तिलाच माहीत असतं, तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

२०. पावसाळ्यात सिनेमा रंगात आला की लाइट जाते.

राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा, तीन-चार तास काढतो. टीव्ही इन्व्हर्टरवर चालवायचा तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. विजा कडकडायला लागल्या की प्लग काढा आणि केबलची वायरही काढा. लोक वायर विसरतात, वीज तिथूनच येते.

२१. सिनेमा बघायच्या आधीच रील्सवर शेवट कळतो. काही उपाय?

इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये नको असलेले शब्द लपवायची सोय आहे. सिनेमाचं आणि मुख्य पात्राचं नाव तिथे टाका. बघून झालं की काढा. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मात्र काही सेटिंग नाही. तिथे शेवट सांगणाऱ्याला पुढच्या शनिवारच्या चहाचं बिल, एवढाच आमच्याकडे नियम आहे.

२२. एवढं सगळं घरी होत असेल तर थिएटरला जायचं कशाला?

गर्दीसाठी. विनोदी सिनेमा दोनशे माणसांत बघितला तर दुप्पट हसू येतं. भयपटाचंही तेच, आणि लढाईच्या प्रसंगाला शिट्ट्या नसतील तर तो कोल्हापुरात बघितला असं म्हणताच येणार नाही. हळू चालणारे, दोन माणसांचे सिनेमे मला घरीच आवडतात, तिथे कुणी कागदी पिशवी कुरकुरवत नाही. दराचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झाला, त्यावरच्या तिकिटावर १८ च आहे. सकाळचा खेळ धरला तर अजूनही परवडतं.

२३. शनिवारी आम्ही आलो तर चालेल का?

या की. साडेआठला दिवे बंद होतात, साडेनऊला येणाऱ्याने दारातच उभं राहायचं. फोन जिन्यातल्या टोपलीत ठेवायचे. खायला काहीही आणा, फक्त कुरकुरीत मध्यंतरापर्यंत बाहेर येणार नाही. आणि आत्याच्या शेजारी बसणार असाल तर सिनेमा आधी एकदा बघून या.